ईश्वरीचा वेल कापून फुलपाखरू उद्यान होत नाही

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींचे आयुक्त व मुख्याधिकारी,
तसेच उद्यान विभाग, वृक्ष प्राधिकरणं आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्या यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या सप्टेंबरात, गणपती उठायच्या आदल्या आठवड्यात, मी रोज सकाळी ज्या ओढ्याकाठी जाते तिथे जेसीबी उभा होता. दुपारपर्यंत ओढ्याची एक बाजू सपाट झाली. रुईची झुडपं, गुडघाभर वाढलेला टाकळा, रानातली कोरांटी आणि करंजावर चढलेला ईश्वरीचा जुना वेल, सगळं मुळासकट एका ढिगात पडलं होतं. आठ दिवसांनी तिथे फलक लागला. त्यावर निळ्या पंखांचं मोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘नियोजित फुलपाखरू उद्यान’.

जेसीबी गेल्यावर मी त्या ढिगाजवळ बराच वेळ थांबले. ईश्वरीच्या पानांवर क्रिमझन रोझ या फुलपाखराच्या अळ्या होत्या. काळपट अंग आणि त्यावर लालसर मांसल काटे. पानं कोमेजत चालली होती आणि अळ्या तुटक्या वेलावरून वर-खाली फिरत होत्या. जमतील तेवढ्या मी डब्यात घेतल्या. घरी आणल्यावर पंचाईत झाली, कारण या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वेलींखेरीज दुसरं काही खात नाहीत आणि आसपास दुसरा वेल मला ठाऊक नव्हता. मग त्याच कापलेल्या वेलाचे तुकडे पाण्यात ठेवून दोन-तीन दिवस काढले. तीन अळ्यांचे कोष झाले. बाकीच्या मेल्या.

हे पत्र त्या एका जागेबद्दल नाही. त्या जागेचा किंवा तिथल्या कार्यालयाचा उल्लेख मी मुद्दामच टाळला आहे. गेल्या काही वर्षांत मी राज्यात जिथे जिथे गेले, तिथे हेच घडताना पाहिलं आहे. आधी जिवंत जागा ‘साफ’ होते, मग तिथे लॉन येतं, पाम येतात, फायबरची फुलपाखरं बसवली जातात. कुणाच्या मनात वाईट असतं असं मी म्हणत नाही. उलट, फुलपाखरांसाठी काहीतरी करावं असं वाटतं म्हणूनच निधी मंजूर होतो. त्यामुळेच शांत बसवत नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगते. मी नगरपालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने एकदा शाळेच्या लिंबाची फांदी आणली. तिच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी होती. आम्ही ती फांदी बाटलीत ठेवली. अळी कात टाकत गेली, हिरवी झाली. डिवचली की डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडायची. पुढे तिने कोष केला. ज्या दिवशी कोष काळा पडला, त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातून एकही मूल बाहेर गेलं नाही. पाठ्यपुस्तकातली चार अवस्थांची आकृती मी त्याआधी कितीतरी वर्षं फळ्यावर काढत होते, पण ती मला स्वतःला त्या दिवशी समजली. तेव्हापासून मी वही ठेवते. तारीख, जागा, कोणतं फुलपाखरू, कोणत्या झाडावर अंडी. ओढ्याकाठच्या त्या पट्ट्याच्या नोंदींच्या अकरा वह्या भरल्या आहेत.

आता माझं म्हणणं मांडते.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. स्वतःचं राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. मला त्या निर्णयाचा मनापासून अभिमान वाटला होता. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळे ठिपके असलेलं हे पाखरू देशातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक आहे. राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल यांच्या पंक्तीला एका कीटकाला बसवणं ही मोठी गोष्ट होती. पण निलवंताची अळी काय खाते? लिंबाच्या कुळातली पानं: माकडलिंबू आणि त्याचे रानातले भाऊबंद, बागांमधली लिंबूवर्गीय झाडं. आपल्या किती रोपवाटिकांत आज माकडलिंबाची रोपं मिळतात? ज्या उद्यानांच्या फाटकावर निलवंताचं चित्र आहे, त्यांतल्या किती ठिकाणी त्याला अंडी घालायला एक तरी झाड आहे? मी पाहिलेल्या बागांमध्ये तरी नव्हतं.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. आपल्या सगळ्या योजना फुलांभोवती फिरतात, पानांभोवती नाही. फूल हे फुलपाखराचं हॉटेल आहे. पान हे त्याचं घर. मादी अंडी घालायच्या आधी पानावर पाय आपटून त्याची चव घेते, कारण तिच्या पायांनाच चव कळते. पान आपल्या अळीला चालणारं नसेल तर ती पुढे जाते. झेंडू, घाणेरी, ड्युरांटा कितीही लावा, ती मध पिईल आणि निघून जाईल. तिची पिढी तिथे वाढणार नाही.

कोणाला काय लागतं, याची यादी फार अवघड नाही. गावाकडच्या माणसाला ही सगळी झाडं माहीत असतात, फक्त त्यांच्यावर कोण वाढतं हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, रुईवर वाढतो. पिवळी छोटी ग्रास यलो आणि फिकट हिरवट-पांढरी एमिग्रंट ही टाकळ्यावर आणि बहाव्यावर. वड-उंबरावर आणि कण्हेरीवर कॉमन क्रो. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. पानफुटीवर रेड पिएरो, तोही अगदी चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत. आंब्यावर कॉमन बॅरन आणि टेंभुर्णीवर बॅरोनेट. कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर कृष्णकमलिनी. आणि हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल, ते वाढतं बांडगुळावर. झाडावरचं सगळं बांडगूळ सरसकट काढायचा आदेश निघतो तेव्हा शहरातल्या सर्वांत देखण्या फुलपाखरांपैकी एकाचं घर खाली येतं, हे आदेशावर सही करणाऱ्याला कळायला हवं. झाड मरणाला लागलं असेल तर बांडगूळ काढावं, त्याला माझी हरकत नाही. पण सरसकट का?

ईश्वरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या एका वेलावरून सगळा गुंता समजतो. ईश्वरीला कुणी सापसंदही म्हणतात. तिच्या पानांत विषारी द्रव्य असतं. क्रिमझन रोझ आणि कॉमन रोझच्या अळ्या ते पचवतात आणि अंगात साठवतात. त्यामुळे त्यांची फुलपाखरंही विषारी होतात. पक्षी एकदा खातो, ओकतो आणि पुन्हा त्या काळ्या-लाल पंखांच्या वाटेला जात नाही. आता कॉमन मॉरमॉनची गोष्ट. त्याची अळी लिंबा-कढीपत्त्यावर वाढते, त्यामुळे ते विषारी नसतं. पण त्याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या किंवा क्रिमझन रोझसारख्या दिसतात आणि त्या सोंगावर पक्ष्यांपासून वाचतात. हे सोंग तेव्हाच चालतं जेव्हा खरी विषारी फुलपाखरं त्याच भागात उडत असतात आणि पक्ष्यांनी त्यांच्याकडून धडा घेतलेला असतो. म्हणजे ओढ्याकाठचा एक वेल कापला की त्यावर वाढणारी दोन फुलपाखरं जातात आणि ज्या तिसऱ्याने त्या वेलाला कधी स्पर्शही केलेला नाही, त्याचंही संरक्षण जातं. अंदाजपत्रकात हे सगळं ‘झाडेझुडपे काढणे’ या एका ओळीत बसतं.

कायद्याचीही एक अडचण इथे दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत कितीतरी फुलपाखरं आहेत. त्यांना जाळ्यात पकडणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पण अभयारण्याबाहेर, शहराच्या हद्दीत, त्यांच्या अळ्यांचा एकुलता एक वेल उपटणाऱ्याला कुणी विचारत नाही. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी झाडासाठी लागते, वेल आणि झुडूप त्यात मोजले जात नाहीत. ही पोकळी भरणं आपल्या हातात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या अटीत चार ओळी वाढवल्या तरी पुरे.

दुसरी तक्रार वेळेची. पाऊस ओसरताना गवत कमरेपर्यंत येतं, लोक सापाची भीती सांगतात, सणवार तोंडावर असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळीकडे ग्रासकटर सुरू होतात. रस्त्याच्या कडा, दुभाजक, टेकडीच्या वाटा, शाळांची पटांगणं, सगळं एकाच पंधरवड्यात भुईसपाट होतं. आपल्या राज्यात फुलपाखरांचा भर नेमका याच काळात असतो. पावसाने पालवलेल्या झाडोऱ्यावर अळ्या वाढलेल्या असतात, गवताच्या काडीला कोष लटकलेले असतात. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण महिना लागतो. तो महिना आपण देत नाही. शिवाय इव्हनिंग ब्राऊन, बुशब्राऊन आणि चपळ कुळातली कितीतरी फुलपाखरं गवतावरच वाढतात. त्यांच्यासाठी ते गवतच जंगल असतं.

लोकांच्या भीतीला मी कमी लेखत नाही. माझ्याच शाळेच्या कुंपणाशी घोणस निघाली होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर गवत कापा, घरांच्या आणि खेळाच्या मैदानाच्या जवळ कापा. मी बोलतेय ते मागच्या, जिथे कुणी जात नाही त्या पट्ट्याबद्दल. तो कुणाच्या पायात येत नाही, तरी तो कापला जातो, कारण जितकं क्षेत्र साफ तितकं काम झालं असं मोजलं जातं.

कापल्यानंतर जे होतं ते आणखी वाईट. गवत आणि पालापाचोळा गोळा करून पेटवून देतात. अनेक पतंगांच्या अळ्या पाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या थरात कोष करतात, ते त्यातच जळतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्येच मनाई केली आहे. तरीही दर हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालं की धूर दिसतो, आणि तो बऱ्याचदा झाडलोट करणाऱ्यांच्याच ढिगातून येत असतो. त्या माणसांना मी दोष देत नाही. पाचोळा कुठे न्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट टेकड्यांची. आपल्याकडे उघडी टेकडी दिसली की ती ‘ओसाड’ ठरते आणि तिथे खड्डे खणले जातात. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. झाडं लावावीत, कोण नाही म्हणेल? पण सह्याद्रीच्या पायथ्याची आणि पठारावरची कितीतरी गवताळ जागा मुळातच झाडांची नाही. तिथे गवत, कंद, छोटी झुडपं आणि त्यांच्यावर जगणारे कीटक शेकडो वर्षांपासून आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं. ते मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, हिरवं दिसतं, पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना त्याचा उपयोग नाही. कास पठाराला लोक फुलं बघायला गर्दी करतात. तशीच, पण नाव नसलेली छोटी पठारं आणि माळ आपल्या गावांच्या हद्दीत आहेत. त्यांच्यावर खड्डे खणायच्या आधी एक पावसाळा तिथे नुसतं जाऊन बघावं, एवढंच मागणं आहे.

धूर फवारणीबद्दल थोडक्यात. डेंग्यू खरा आहे, त्याच्या रुग्णाचं घर मीही पाहिलं आहे. पण डास वाढतात साठलेल्या पाण्यात. टायर, कुंड्यांच्या थाळ्या, गच्चीवरच्या टाक्या बघणं हा खरा उपाय, असं आरोग्य विभागही सांगतो. धुराची गाडी बागेच्या झुडपांतून फिरवली की तो धूर डास आणि फुलपाखरू असा भेद करत नाही. रुग्ण सापडले त्या भागात ती जरूर फिरवा. नुसतं कुणी फोन केला म्हणून उद्यानात फिरवू नका. तणनाशकाचंही तसंच. फरशीच्या फटीतलं गवत हाताने काढता येतं.

आता पतंगांबद्दल. त्यांच्या बाजूने बोलणारे फार थोडे आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. पतंग म्हटलं की शेतकऱ्याला बोंडअळी आठवते, लष्करी अळी आठवते आणि ते योग्यच आहे. त्या अळ्यांनी घरं उद्ध्वस्त केली आहेत. पण त्या मूठभर जातींमुळे बाकी हजारोंना शत्रू समजणं चुकीचं आहे. रात्री उमलणारी पांढरी, सुवासिक फुलं कुणासाठी उमलतात? पपईच्या फुलांवर संध्याकाळनंतर हॉक मॉथ नावाचे पतंग येतात. पठारांवरच्या हबेनारियांसारख्या ऑर्किडांचं परागीभवन पतंगांकडून होतं. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जो टसर रेशमाचा किडा वाढवला जातो, तोही पतंगच. ढिवर समाजातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. आणि पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा केसाळ सुरवंट आवडीने खातो. बहुतेक छोट्या पक्ष्यांची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, अळ्या-किड्यांवर वाढतात. दाणे खाणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना अळ्याच भरवतात. चिमणी वाचवा म्हणून आपण लाकडी घरटी वाटतो आणि पिल्लांचा घास मात्र फवारून मारतो.

पतंगांवर सध्याचं सर्वांत मोठं संकट आपण लावलेल्या दिव्यांचं आहे. गेल्या दशकात शहरांनी सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले. वीज वाचली, हे चांगलं झालं. पण स्वस्त झाला म्हणून उजेड वाढत गेला. टेकडीच्या पायऱ्यांना दिवे, तलावाच्या काठाला दिवे, वडाच्या खोडाला गुंडाळलेल्या रंगीत माळा. इंग्लंडमध्ये केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या झुडपांच्या कुंपणात जिथे दिवे होते तिथे अळ्या ४७ टक्क्यांनी कमी आढळल्या, गवताच्या पट्ट्यात साधारण एक तृतीयांशाने कमी, आणि पांढऱ्या एलईडीखाली परिस्थिती पिवळ्या सोडियमपेक्षा वाईट होती. आपल्याकडे वेगळं काही होत असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

ॲटलास पतंग पावसाळ्यात कोकणात आणि घाटात कुणाच्या तरी अंगणात उतरतो आणि त्याचा फोटो सगळीकडे फिरतो. तळहाताहून मोठे पंख आणि त्यांच्या टोकाशी सापाच्या तोंडासारखा आकार. या प्रौढ पतंगाला खाता येत नाही, त्याचं तोंड त्यासाठी बनलेलंच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडेच दिवस जगतो आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्यातली एक रात्र जरी विजेच्या खांबाभोवती घिरट्या घालण्यात गेली तरी त्याच्या आयुष्यातला मोठा हिस्सा गेला. मी एकदा एका घाटातल्या विश्रामगृहाच्या दिव्याखाली सकाळी सहा वाजता असा पतंग पाहिला. पंख फाटले होते, साळुंक्या त्याच्याभोवती जमल्या होत्या. तो दिवा रात्रभर कुणासाठी चालू होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

आपण म्हणाल की हे सगळं नोंदवायला व्यवस्था आहे. आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. बहुतेक ठिकाणी नोंदवही झालीही आहे. काही नोंदवह्या मी वाचल्या आहेत, त्यांत फुलपाखरांच्या याद्या आहेत. पण सुशोभीकरणाची निविदा काढणारा अभियंता ती नोंदवही उघडत नाही आणि उघडली तरी त्यात जागेचा नकाशा नसतो. फुलपाखराचं नाव आहे, पण ते कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या वेलावर, हे नाही. त्या नोंदवहीच्या आधारे एखादं काम थांबल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि हे जमण्यासारखं आहे. ठाण्याजवळ ओवळ्याच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरू उद्यानात जाऊन बघा. तिथे जाळीचा घुमट नाही, कोंडलेली फुलपाखरं नाहीत. अळ्यांची झाडं आणि मधाची झाडं लावली, राखली आणि आजूबाजूच्या जंगलातून फुलपाखरं स्वतः आली. आंबोलीत पावसाळ्यात फुलपाखरं आणि पतंग बघायला लांबून लोक येतात, गावातली मुलं त्यांना वाट दाखवतात. त्यासाठी आधी काही पाडावं लागलं नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. कोणत्याही ओढ्याकाठच्या, टेकडीवरच्या किंवा मोकळ्या जागेच्या सुशोभीकरणाआधी तिथे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने धरून पाहणी व्हावी. झाडांइतक्याच वेली, झुडपं आणि गवत यांची नोंद व्हावी, आणि ती नोंद निविदेसोबत सर्वांना वाचायला मिळावी. पाहणीसाठी पैसे लागत असतील तर जवळच्या महाविद्यालयांना आणि आमच्यासारख्या माणसांना बोलवा, आम्ही विनामूल्य येऊ.

दोन. जुलैपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पायवाटा आणि वस्तीलगतचा पट्टा सोडून इतरत्र गवत कापू नये. त्यानंतरही एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त क्षेत्र कापू नये, म्हणजे उरलेल्यात कोष वाचतील. ठेकेदाराचं बिल नुसत्या कापलेल्या क्षेत्रावर न निघता राखलेल्या क्षेत्राचंही त्यात मोल असावं.

तीन. प्रत्येक सार्वजनिक उद्यानाचा निदान चौथा हिस्सा स्थानिक खाद्यवनस्पतींसाठी ठेवावा आणि पालिकेच्या रोपवाटिकेत ईश्वरी, माकडलिंबू, रुई, कोरांटी, बहावा, कढीपत्ता यांची रोपं तयार व्हावीत. खाल्लेलं पान दिसलं की औषध मारायचं नाही, हे माळीबंधूंना नीट समजावून सांगावं. त्यांच्यापैकी अनेकांना अळ्या माझ्याहून चांगल्या ओळखता येतात. फक्त ‘पान खराब दिसतंय’ म्हणून बोलणी खावी लागू नयेत.

चार. उद्यानं, टेकड्या आणि जलाशयांच्या काठचे शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद करावेत. जे सुरक्षिततेसाठी लागतात ते खाली उजेड टाकणारे, झाकलेले आणि पिवळसर रंगाचे असावेत. झाडांना गुंडाळलेल्या माळा काढून टाकाव्यात.

पाच. गवताळ माळांवर आणि सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, झाडं लावण्याची उद्दिष्टं देऊ नयेत. पाचोळा जाळणं बंद करून प्रत्येक प्रभागात त्याचे खड्डे करावेत.

सहा. ‘फुलपाखरू उद्यान’ म्हणून निधी घेतलेल्या प्रत्येक जागेत आज किती जातींच्या अळ्या वाढत आहेत, हे वर्षातून एकदा जाहीर करावं. उडून आलेली फुलपाखरं मोजू नका, तिथे जन्मलेली मोजा.

यातल्या कशालाही फार मोठा खर्च नाही. बऱ्याच ठिकाणी उलट खर्च वाचेल, कारण मी मुख्यतः काही गोष्टी न करण्याची विनंती करते आहे. या पत्राचं उत्तर आपल्यापैकी एकाही संस्थेने, ‘आम्ही या पावसाळ्यापासून अमुक जागा राखतो आहोत’ एवढ्या एका ओळीत दिलं, तरी मी आणि माझे माजी विद्यार्थी वह्या घेऊन तिथे हजर होऊ.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका

ता. क. त्या तीन कोषांपैकी दोनमधून फुलपाखरं बाहेर आली आणि उडाली. पुढे हिवाळ्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर मला ईश्वरीचा वेल सापडला. फळं उकलून छोट्या टांगत्या टोपल्यांसारखी लटकत होती. शेतकऱ्याला विचारून मूठभर बिया आणल्या. बारा रोपं आता गच्चीवर वीतभर झाली आहेत. ती त्या फलक लावलेल्या जागेत लावायला परवानगी मिळावी म्हणून मी अर्ज दिला आहे. उत्तराची वाट पाहते आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ती जमिनीत गेली पाहिजेत.